मुरकर काकींची निळी

मुरकर काकींचा मला हेवा वाटायचा. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल मी काही चांगलं लिहिलं तर ते नाइलाजाने लिहिलंय हे लक्षात राहील.

त्यांच्या आणि आमच्या घरांमध्ये जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा आहे. गडग्याच्या अलीकडे माझी जास्वंद, अबोली, एक अनंत आणि कण्हेर. पलीकडे त्यांच्या मागीलदारी, उत्तरेच्या भिंतीशी ओळीने मातीच्या कुंड्या आणि त्या कुंड्यांत हायड्रेंजिया. थंड हवेच्या गावांत हॉटेलच्या बागेत जे फूल बघून लोक फोटो काढतात, तेच. बारक्या बारक्या फुलांचा मिळून नारळाएवढा गेंद, आणि रंग निळा. नुसता निळा म्हणून भागत नाही, पण दुसरा शब्दही सापडत नाही.

रत्नागिरीत, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, जिथे मे महिन्यात माणसंसुद्धा सुकून जातात, तिथे हे झाड जगायलाच नको. नर्सरीवाला मला तोंडावर म्हणाला होता, "ताई, हे इथे नाय होत. पैसे फुकट जातील." मुरकर काकींकडे मात्र होत होतं. दर वर्षी आषाढात कळ्या धरायच्या आणि गणपतीपर्यंत फुलं टिकायची. आमच्या गल्लीत त्याचं इंग्रजी नाव कोणी घेत नसे. काकी त्याला 'निळी' म्हणत, म्हणून सगळेच निळी म्हणत.

काकींनी सगळी नोकरी एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत काढली. खिडकी सुटली तरी खिडकीतलं बोलणं सुटलं नाही. जेवढं विचारलं तेवढंच उत्तर, तेही मान वर न करता.

"काकी, फुलं कधी येतील?"

"आषाढात."

"आणि खत कुठलं घालता?"

"पाल्याचं."

"शेणखत नाही?"

"थोडं."

संपलं. पुढचा माणूस. बुटक्या, काटक, केसांचा सुपारीएवढा अंबाडा, साडी पोटरीपर्यंत खोचलेली आणि उजव्या हाताची तर्जनी कायम लाल. कारण ती तर्जनी दिवसातून दोनदा प्रत्येक कुंडीत दुसऱ्या पेरापर्यंत जायची. बोटाला ओल लागली तर पाणी नाही. हा त्यांचा एकच नियम, आणि तो त्या स्वतःच्या जेवणापेक्षा कडक पाळायच्या.

त्यांनी काही लपवून ठेवलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं. मनात म्हणता आलं असतं, बाई धूर्त आहे, युक्ती सांगत नाही. पण काकी सगळं सांगायच्या. गल्लीतल्या प्रत्येक बाईला त्यांनी फांद्या दिल्या, चहाच्या कपात रुजवून दिल्या. तळाला नारळाची सोडणं घाल, म्हणजे ओल राहते आणि पाणी साचत नाही. सकाळचं नऊपर्यंतचं ऊन दे, मग सावलीत. पाणी बुडाशी घाल, पानांवर नको. चुलीतली राख घालू नकोस, चुना तर जवळपास नको. निळीला आंबट माती लागते, आपल्या कातळावरची लाल माती तिला बरोबर मानवते. राखेने नि चुन्याने रंग जातो, गुलाबी पडते. हे सगळं त्यांनी मला गडग्यावर कोपर टेकून शिकवलं. त्यातलं शेवटचं मी सगळ्यात नीट लक्षात ठेवलं, ते पुढे येईलच.

मला दिलेली पहिली फांदी मी अंगणात लावली, दिसायला छान दिसेल म्हणून. एप्रिलमध्ये ती पापडासारखी कुरकुरीत झाली. दुसरी सावलीत ठेवली. पण दुपारी दोन वाजता बघावं तर सगळी पानं खाली लोंबलेली. मी मिरजोळ्याला मासळीच्या कारखान्यात पॅकिंगवर देखरेख करते. दुपारी घरी नसते, म्हणून सासूबाईंना सांगून ठेवलं होतं, पानं पडली की पाणी घाला. आईंनी इमानेइतबारे घातलं. महिनाभराने झाड उपटलं तर मुळं कुजून भाताच्या पेजेसारखी.

काकींनी गडग्यावरून बघितलं. "दुपारची पाणी घालत होतीस काय?"

"पानं पडायची ना!"

"ती झोपायची गो. उनाची झोपतात. संध्याकाळी आपली आपण उठतात. झोपलेल्या माणसाच्या तोंडात कोण पाणी ओततं?"

तिसरी जगली, चांगली कमरेएवढी झाली. दिवाळी झाल्यावर जास्वंदीची छाटणी केली, तेव्हा त्याच हाताने तिचीही केली. आमच्याकडे सगळ्यांचीच होते त्या वेळी. नवी पानं आली, आषाढ आला, श्रावण आला, फूल काही आलं नाही. काकींनी माझ्या झाडाचे कापलेले शेंडे नुसते बोटाने चाचपले.

"पुढल्या सालची फुलं ह्याच डोळ्यांत होती," त्या म्हणाल्या. "तू फुलं कापून टाकलीस, वैदेही."

त्या हसल्या असत्या तर मी भांडले असते. त्या हसल्या नाहीत. आत गेल्या आणि चौथी फांदी घेऊन आल्या.

आता माझं खरं दुखणं काय होतं ते सांगते. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. मखरात, मूर्तीच्या डाव्या अंगाला एक निळीचा गेंद ठेवायचा हे सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं. कधी सुरू झालं माहीत नाही, पण एकदा सुरू झालं म्हणजे आमच्या घरात ती रीतच. आणि तो गेंद मुरकर काकींकडून आणायचा. रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून मी ताटलीत खोबऱ्याच्या वड्या घालून, वर विणलेला रुमाल झाकून, हरतालिकेच्या संध्याकाळी गडग्याला वळसा घालून जायचे. आई दारातून ओरडून सांगायच्या, "अगो, मोठा बघून दे म्हणावं! मागच्या वर्षीसारखा!" फूल आणलं की आई ते हातात धरून फिरवत राहायच्या. "काय हात आहे हो सुलभाबाईंचा," म्हणायच्या. मग माझ्याकडे बघायच्या. माझ्या हाताला कारखान्यातून आल्यावर कितीही साबण लावला तरी कोळंबीचा वास राहतो, तेवढा मात्र त्यांना पटकन यायचा.

मला एकच हवं होतं. एका वर्षी मखरात माझ्या झाडाचं फूल असावं आणि आईंनी ते हातात धरून तसंच फिरवावं. बाकी त्या घरात लग्न होऊन आल्यापासून मी फार काही मागितलेलं नाही.

वर काकी मलाच राबवून घ्यायच्या. निळीला कळी धरायला थंडी लागते, आणि आपल्याकडची थंडी म्हणजे पहाटे पंखा एकवर. म्हणून पौषात त्यांनी मला विचारलं, "तुझ्या कारखान्यात फुटका बर्फ टाकून देतात ना? मासळी न लागलेला?" दोन हिवाळे मी रोज संध्याकाळी कामावरून येताना डब्याच्या पिशवीतून बर्फाचे तुकडे आणले. काकी ते गोणपाटात बांधून कुंडीच्या बाहेरून टेकवून ठेवायच्या. त्याचा किती उपयोग व्हायचा देव जाणे. पण त्या दोन्ही वर्षी फुलं अशी आली की वरच्या आळीतल्या बायका बघायला आल्या. बर्फ माझा, कौतुक काकींचं. एक बाई मला म्हणाली, "तुम्ही नशीबवान हो, रोज बघायला मिळतं." मी मान डोलावली. घरी येऊन कण्हेरीला उगाचच पाणी घातलं.

काकी रात्रीच्या कुठे राहायच्या नाहीत, कुंड्यांमुळे. पुतणीच्या लग्नालासुद्धा मांडवातून जेवून परत. पण एका वर्षी, गणपती होऊन गेल्यावर, केळशीहून निरोप आला की त्यांचा भाऊ फार आजारी आहे. निघताना मागीलदारच्या फाटकाची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली.

"दोन दिवस बघ. बोट घालून बघ, मगच पाणी. बाकी तुला सगळं ठाऊक हाय."

बाकी मला सगळं ठाऊक होतं.

आमच्या पडवीत गणपतीच्या रंगरंगोटीतला चुना उरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो बादलीत कालवला आणि त्यांच्या मागीलदारी जाऊन एकेका कुंडीत एकेक तांब्या ओतला. हात थरथरले वगैरे काही नाही. उलट फार नीटनेटकं काम केलं, कारखान्यात करते तसं. वर लाल माती पसरली, सोडणं सारखी केली. मनात एवढंच होतं की एक वर्ष, फक्त एक वर्ष, त्यांच्याकडे निळं नसावं. तोवर माझ्या चौथ्या झाडाला पहिली कळी यावी. काकी केळशीहून आल्या त्या भाऊ जाऊन. माझ्यासाठी तिथल्या कोकमांची पुडी आणली होती. म्हणाल्या, "तू होतीस म्हणून राहता आलं गो दोन रात्री. नायतर शेवटची भेट चुकली असती." ती कोकमं मी आमटीत घातली आणि सगळ्यांनी खाल्ली.

पुढच्या आषाढात त्यांच्याकडे कळ्या आल्या. उमलल्या त्या धड निळ्या नाहीत, धड गुलाबी नाहीत, धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्याच्या रंगाच्या. पानं शिरांमधून पिवळी. आणि माझ्याकडे, त्याच जांभ्याच्या लाल मातीत, चौथ्या झाडाला एकच गेंद आला. निळा. मी त्याला दर सकाळी कामावर जाण्यापूर्वी बघायचे आणि आल्यावर बघायचे. मला लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

काकी रोज कुंड्यांपुढे उकिडव्या बसायच्या. पिवळं पान हातात घेऊन उलटं सुलटं करायच्या. एक दिवस माती चिमटीत घेऊन जिभेला लावली. मी गडग्यापाशी कपडे वाळत घालत होते.

"चुना हाय," त्या म्हणाल्या.

"कुठून येणार?" मी म्हटलं.

त्यांनी मान वर करून मागच्या भिंतीकडे बघितलं. ती उत्तरेची भिंत दर वर्षी गणपतीआधी चुन्याने पांढरी व्हायची. मुरकर काका होते तोवर ते मारायचे, ते गेल्यावर काकी स्वतः पदर खोचून, कुंचा घेऊन. त्या दिवशी कुंड्या पुढच्या अंगणात नेऊन ठेवायच्या, वर कापड झाकायच्या. एवढी काळजी घेतलेली.

"भिंतीचा उतरला असणार पावसात," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं उतरत असंल. आता बाधला. माझीच चूक."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी उशीचा अभ्रा झटकला आणि दोरीवर टाकला.

त्या श्रावणात, पाऊस उघडला की मुरकर काकी भिंत खरवडायच्या. नारळाच्या करवंटीने आणि जुन्या कोयत्याच्या पाठीने, वरपासून खालपर्यंत, चुन्याचे कितीतरी थर. वरच्या भागासाठी स्टुलावर उभ्या राहून. ती खरखर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. सासूबाई म्हणाल्या, "ह्या वयात काय हा खटाटोप? गणपती तोंडावर आणि भिंत उघडी?" गणपतीत ज्या घराची भिंत रंगवलेली नसते त्या घरात सुतक आहे की काय, असं लोक विचारतात. त्या वर्षी काकींना विचारलं. काकी चौकशीच्या खिडकीतून सांगावं तसं सांगायच्या, "नाय. निळीसाठी." लोक हसायचे. मला हसता येत नव्हतं, आणि त्याचाही मला राग यायचा.

हरतालिकेच्या संध्याकाळी मी माझा गेंद कापायला कात्री घेतली, तेवढ्यात मागल्या दारात काकी उभ्या. हातात ताटली, वर विणलेला रुमाल.

"वड्या हायत," त्या म्हणाल्या. "यंदा माझ्याकडे निळं नाय. माझ्या दीड दिवसाच्या गणपतीला चार फुलं तोडून देशील काय? गेंद नको. तो तुमच्या मखरात लागंल."

आई माझ्या मागेच होत्या. त्यांनी ती संधी सोडली नाही. "बघा सुलभाबाई, आमच्या वैदेहीने आणलं हो फूल! हात आहे हो तिचा!" आणि गेंद झाडावरच हाताच्या ओंजळीत धरून फिरवला.

वीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते मला असं मिळालं. काकी मान हलवून म्हणाल्या, "हाय ना हात. मी सांगत नव्हते?" मी गेंदाच्या कडेची चार फुलं तोडली, मग आणखी तोडली, मग अर्धा गेंदच कापून त्यांच्या ताटलीत ठेवला. आई रागावल्या. काकी म्हणाल्या, "एवढं कशाला गो?" मी म्हटलं, असू दे. आणि खरं सांगते, एवढं सगळं होऊनही मला त्यांचाच हेवा वाटत होता. मला मागायला जाताना कधी तसं सरळ उभं राहता आलं नव्हतं.

त्यानंतर वर्षभर त्यांनी एकेक कुंडी उपसली, माती बदलली, मुळं धुतली. हळूहळू निळं परत येऊ लागलं. पण स्टुलावरून एकदा पाय घसरला होता, तो गुडघा काही सुधारला नाही. दिवाळीनंतर मुंबईहून त्यांचा मुलगा नितीन आला. आता आईला एकटीला ठेवणार नाही म्हणाला. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बाल्कनीला पश्चिमेचं ऊन. काकींनी बाल्कनीची दिशा विचारली आणि पुढे काही विचारलं नाही. आदल्या संध्याकाळी नितीनकडून सगळ्या कुंड्या उचलून आमच्या पडवीत आणून ठेवल्या.

"तुला देऊन जातंय," त्या मला म्हणाल्या. "तुझ्या हाताला निळं येतं. मला आता येत नव्हतं."

त्या रात्री मी जागी होते वगैरे नाही, चांगली झोपले. पण सकाळी नितीन गाडीत सामान भरत होता आणि काकी आमच्या पायरीवर बसून चहा पीत होत्या, तेव्हा माझ्या तोंडून ते बाहेर पडलं.

"काकी, तुमच्या कुंड्यांत चुना मी घातला होता."

कप तोंडाशी गेलेला तिथेच थांबला. "कधी?"

"तुम्ही केळशीला गेला होतात तेव्हा."

"किती?"

"बादलीत दोन मुठी कालवून. एकेक तांब्या."

"दोन मुठी!" त्या एकदम ओरडल्या. "अगो, मेली असती ना ती! रंग घालवायला एवढा चुना लागतो काय? विचारायचंस तरी!"

मग त्यांनी गडग्यापलीकडे स्वतःच्या घराच्या मागच्या भिंतीकडे बघितलं. खरवडलेली भिंत, खालचा चिरा उघडा पडलेला.

"म्हंजे भिंत मी उगाच खरवडली," त्या म्हणाल्या.

मला वाटलं आता बोलतील. शिव्या देतील, रडतील, माफ तरी करतील. मी तिन्हींची तयारी करून उभी होते. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि गुडघ्यावर हात दाबून उठल्या. पडवीत जाऊन ओळीने सगळ्या कुंड्या बघितल्या. एक कुंडी होती जिचं अजून ठीक झालं नव्हतं. पानं पिवळी, शेंडे आखडलेले, मी सुद्धा मनातल्या मनात ती टाकून द्यायची ठरवली होती. काकींनी तीच उचलली.

नितीन धावत आला. "आई, गाडीत जागा नाय. आणि हे झाड जगणार पण नाय."

"मांडीवर घेते," त्या म्हणाल्या.

माझ्या अंगावरून जाताना त्या थांबल्या नाहीत. गाडीत बसल्या, कुंडी मांडीवर घेतली, पदर तिच्या बुडाशी गुंडाळला. गाडी उतारावरून वळेपर्यंत मला दिसत होतं. काच खाली होती आणि वाऱ्याने पानं फाटू नयेत म्हणून काकींनी आपला लाल बोटाचा हात त्या पिवळ्या शेंड्यावर आडवा धरला होता.

मी परत आले तर सासूबाई पडवीत खुर्ची टाकून बसल्या होत्या, खुशीत. "अगो, केवढ्या दिल्या तुला! आता कोणाच्या दारात जायला नको."

मी मोजल्या. अकरा होत्या, सगळ्या हिरव्यागार, पुढच्या वर्षाच्या कळ्या पोटात घेऊन. मला ती बारावी हवी होती.